पेशींच्या संगतीत शिकलेलं

माझी सगळी नोकरी मुंबईतल्या एका जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. काम एकाच प्रश्नाभोवतीचं. पेशीवर विषारी रेणूंचा किंवा ऑक्सिजनपासून बनणाऱ्या आक्रमक रेणूंचा मारा झाला, तर तिला ते कळतं कसं? आणि संरक्षणाची यंत्रणा किती वाढवायची, कधी आवरायची, हे ठरवतं कोण? निवृत्त झाल्यापासून लग्नकार्यात, सोसायटीच्या जिन्यात, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक मला एवढंच विचारतात, "अँटिऑक्सिडंट कुठलं चांगलं हो?" मी उत्तर द्यायला लागले की समोरचा हिरमुसतो, कारण त्याला बाटलीचं नाव हवं असतं. पुढचं सगळं त्या हिरमुसलेल्यांसाठी. क्रमांक सोयीपुरते आहेत, त्यावरून महत्त्व ठरवू नये.

१. जे दिसत नाही, ते बनत नाही असं नाही

नर्फ-टू नावाचं एक प्रथिन आहे. ते पेशीच्या केंद्रकात शिरलं की संरक्षणाच्या कामाची शेकडो जनुकं जागी होतात. ग्लुटाथायोन हा पेशीतला संरक्षक रेणू बनवणारी, विषाला पाण्यात विरघळेल असं जोडपद लावणारी, ते विष पेशीबाहेर फेकणारी, लोह बंदोबस्तात ठेवणारी. १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोला युएट वाय कान यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं, तेही हिमोग्लोबिनच्या जनुकांचा माग काढताना. पुढे हे प्रथिन मुळीच नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांचं रक्त ठणठणीत! मग याचं काम तरी काय? त्याचं उत्तर १९९७ मध्ये जपानमधल्या मासायुकी यामामोतो यांच्या गटाने दिलं. आणि १९९९ मध्ये त्याच गटाने नर्फ-टूला धरून ठेवणारं दुसरं प्रथिन शोधलं, कीप-वन.

हे सगळं मी वाचलं होतं. पटलं ते अंधाऱ्या खोलीत, वेस्टर्न ब्लॉटची, म्हणजे अर्कातलं प्रथिन पट्टी म्हणून दाखवणाऱ्या चाचणीची, फिल्म डेव्हलपरमधून बाहेर काढताना. पहिल्या रांगेत निवांत पेशींचा अर्क होता. तिथे नर्फ-टूच्या जागी काही नाही, कोरी फिल्म. शेजारच्या रांगेत त्याच पेशी, फक्त त्यांच्यावर काही तास एमजी-१३२ हे रसायन घातलेलं. तिथे काळीभोर, ठसठशीत पट्टी. आता एमजी-१३२ काही नर्फ-टू बनवत नाही. ते फक्त प्रोटिअझोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, बंद पाडतं. याचा अर्थ सरळ आहे. निवांत पेशीतही नर्फ-टू अखंड बनत असतं आणि बनल्या बनल्या मोडीत निघत असतं. कीप-वन त्याला दोन ठिकाणी पकडतं, कल-थ्री नावाच्या जोडीदाराकरवी त्यावर युबिक्विटिनची खूण मारून घेतं, आणि खूण लागलेला माल थेट प्रोटिअझोमात. असल्या प्रथिनाचं अर्धं आयुष्य वीसेक मिनिटांचं.

बनवायचं आणि लगेच मोडायचं, हा उधळेपणा कशासाठी, असं दर वर्षी कुणीतरी विद्यार्थी विचारायचाच. मी म्हणायचे, एसटीचा ड्रायव्हर थांब्यावर इंजिन बंद करतो का? धोका आल्यावर जनुक वाचा, आरएनए बनवा, मग प्रथिन बनवा, एवढा वेळ पेशीकडे नसतो. मोडणं थांबवलं की झालं. माल तयारच असतो.

जाता जाता एक धंद्यातली गोष्ट. अमिनो आम्लांचा हिशेब केला तर नर्फ-टूची पट्टी ६६ किलोडाल्टनच्या आसपास यायला हवी. प्रत्यक्षात जेलवर ती बरीच वर, शंभरच्या आगेमागे दिसते. छापून आलेल्या कितीतरी शोधनिबंधांत ६६ जवळची भलतीच पट्टी नर्फ-टू म्हणून दाखवलेली आहे. त्यामुळे "अमक्या रसाने नर्फ-टू वाढलं" असा दावा कुणी पुढे केला, की मी आधी पट्टी कुठे आहे ते बघते आणि मग चर्चेला बसते.

२. जे झोंबतं, तेच जागं करतं

कीप-वनला धोका कळतो तो त्याच्या सिस्टीनांमुळे. माणसाच्या कीप-वनमध्ये ६२४ अमिनो आम्लं आहेत, त्यांतली २७ सिस्टीन. सिस्टीनच्या टोकाला गंधक असतं, आणि इलेक्ट्रॉनांसाठी हपापलेला रेणू दिसला की काही सिस्टीनांचं गंधक त्याला पटकन जोडलं जातं. १५१ क्रमांकाचं सिस्टीन त्यात आघाडीवर. जोडणी झाली की कीप-वनचा आकार बिघडतो, त्याची नर्फ-टूला मोडीत काढण्याची क्षमता जाते, आणि नवं बनलेलं नर्फ-टू मोकळं केंद्रकात जातं.

आता गंमत बघा. पेशीचं संरक्षण वाढवणारे पदार्थ शोधायला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले यांनी आयुष्य घातलं. १९८०च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की हे पदार्थ दिसायला एकमेकांहून कितीही वेगळे असले, तरी त्यांच्यात एक गुण समान आहे: ते सगळे गंधकाशी प्रक्रिया करतात. म्हणजे ते स्वतःच थोडे उपद्रवी असतात. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं केलं, आणि १९९७ मध्ये दाखवलं की तीन दिवसांच्या कोंबांत त्याचा मूळ पदार्थ पूर्ण वाढलेल्या गड्ड्याच्या दहा ते शंभर पट असतो. वनस्पती हे आपल्या भल्यासाठी बनवत नाही. पान कुरतडणाऱ्या किड्याला हाकलायला बनवते.

आपल्याकडे ब्रोकोली काल आली. मोहरी मात्र घरचीच. माझी आई रत्नागिरीकडची, आंब्याचं सासव करताना ती मोहरी कच्चीच घ्यायची आणि ओल्या खोबऱ्याबरोबर पाट्यावर वाटायची. वाटण पुरेसं झालं का ते ती चव घेऊन बघत नसे. तोंड पाट्याजवळ नेऊन हुंगायची, आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं की म्हणायची, "फेसली हो." अख्ख्या दाण्यात सिनिग्रिन हा गंधकयुक्त पदार्थ आणि त्याला तोडणारं मायरोसिनेज हे एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. वाटलं आणि पाण्याचा हात लागला की दोघांची गाठ पडते आणि ॲलिल आयसोथायोसायनेट बनतं, सल्फोराफेनचं चुलत भावंड. उकळत्या तेलात टाकलेली मोहरी तडतडते पण झोंबत नाही, कारण एवढ्या उष्णतेत मायरोसिनेज टिकत नाही. आणि नाकात झिणझिण्या आणणारा जो मज्जातंतूवरचा ग्राहक आहे, टीआरपीए-वन, तोही या रेणूला आपल्या सिस्टीननेच ओळखतो. नाकाची आणि कीप-वनची धोका ओळखण्याची तऱ्हा एकच निघावी, याचं मला अजून अप्रूप आहे.

म्हणून वाटीभर सासव खाऊन कर्करोग टळतो, असं मी म्हणतेय असा अर्थ कुणी काढू नये. सासव चवीसाठी खावं.

३. जांभळं पिवळं झालं म्हणून पेशीचं काही भलं होत नाही

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात एमएस्सीच्या प्रकल्पांचं कपाट उघडा. निम्म्या फायलींत डीपीपीएच नावाची एक तरी चाचणी सापडेल. गडद जांभळं द्रावण, त्यात शेवग्याच्या, तुळशीच्या, जांभळाच्या बियांचा नाहीतर कसल्याही पानांचा अर्क टाकायचा, रंग फिका पिवळा पडला की निष्कर्ष: "उत्तम अँटिऑक्सिडंट." तोंडी परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून गेले की मी विचारायची, "बाळ, हा अर्क पोटातून रक्तात किती जातो?" बाळ गाईडकडे बघायचं, गाईड खिडकीबाहेर.

चाचणी खोटी नाही. ती रसायनशास्त्राची चाचणी आहे, शरीराची नाही. हळदीतलं करक्युमिन परीक्षानळीत फार पराक्रमी, पण आतड्यातून रक्तात जेमतेम उतरतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा ओरॅक नावाचा मोठा तक्ता प्रसिद्ध केला होता. त्या आकड्यांचा आरोग्याशी संबंध दाखवता येत नाही आणि कंपन्या जाहिरातीत ते वाटेल तसे वापरतात, म्हणून २०१२ मध्ये त्यांनी तो स्वतःच मागे घेतला. याहून गमतीची गोष्ट म्हणजे ग्रीन टीमधली पॉलिफेनॉलं पेशी वाढवायच्या माध्यमात टाकली तर ती तिथे आपणच ऑक्सिडाइज होतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. पेशींत जो "परिणाम" दिसतो तो कितीदा तरी त्या पेरॉक्साइडचा असतो.

पेशीचा खरा भरवसा एन्झाइमांवर आहे. क जीवनसत्त्वाचा रेणू एका फ्री रॅडिकलला विझवतो आणि खर्ची पडतो, त्याला परत कामावर आणावं लागतं. नर्फ-टू थोडा वेळ केंद्रकात राहून गेलं तरी त्याने बनवून घेतलेली एन्झाइमं पुढे तासन् तास, काही तर दिवस दोन दिवस टिकतात आणि तेच ते काम पुन्हा पुन्हा करतात.

४. रोखणारं प्रथिन काढून टाकलं, तर उंदीर महिनाही काढत नाही

मला कुणी या क्षेत्रातला एकच प्रयोग निवडायला सांगितला, तर मी २००३ सालचा यामामोतोंच्या गटाचा निवडेन. त्यांनी कीप-वन नसलेले उंदीर तयार केले. नर्फ-टूला अडवणारं कुणीच नाही, म्हणजे प्रत्येक पेशीत संरक्षण रात्रंदिवस पूर्ण चढवलेलं. जाहिरातीच्या भाषेत यांनी दीर्घायुषी व्हायला हवं. पिल्लं जन्मली, आणि तीन आठवड्यांच्या आत सगळी मेली. अन्ननलिकेच्या आणि जठराच्या पुढच्या भागाच्या अस्तरावर केराटिनचे इतके जाड थर चढले की दूध पुढे सरकेना. पिल्लं उपाशी गेली. त्याच पिल्लांतून नर्फ-टूसुद्धा काढलं, तर ती वाचली!

नर्फ-टू अजिबात नाही, तरी उंदीर जगतो. विषाने, धुराने, औषधाच्या जास्त मात्रेने तो लवकर कोसळतो, पण जगतो. नर्फ-टू कायमचं चालू, तर मात्र मरतो. नर्फ-टू अस्तराच्या पेशींना काय काय करायला लावतं याची कल्पना तोवर फारशी कुणाला नव्हती.

तेव्हापासून "बूस्ट" हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे ती दुधाअभावी खंगलेली पिल्लं येतात. लोकांना हे सांगते तेव्हा ते म्हणतात, "पण मॅडम, गोळी तर एवढीशीच असते."

५. इन्क्युबेटरमधली पेशी आधीच त्रासलेली असते

पेशी आपण ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायॉक्साइडमध्ये वाढवतो आणि ऑक्सिजनचं काही बोलत नाही. तो असतो जवळपास बाहेरच्या हवेइतका. शरीरात बहुतेक अवयवांतल्या पेशींना ५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी मिळतो. फ्लास्कमधल्या निष्कर्षांकडे बघताना हे विसरू नये. बस, एवढंच.

६. आधीच धुरात असलेल्यांना गोळी देऊन बघितली गेली आहे

"नुकसान तर काही नाही ना?" हा प्रश्न मी सर्वांत जास्त ऐकला. फिनलंडमध्ये पन्नाशी ते सत्तरीदरम्यानच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसती खोटी गोळी, अशी पाच ते आठ वर्षं. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत धूम्रपान करणारे आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले लोक घेऊन अशीच चाचणी चालू होती, तिथे बीटा-कॅरोटिनच्या जोडीला अ जीवनसत्त्व होतं. तिच्यात २८ टक्के वाढ दिसली आणि १९९६ मध्ये ती ठरल्या वेळेच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. गाजरं खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, म्हणून गाजरातला एक रेणू काढून गोळीत घातला होता.

माझा भाचा जिमला जातो. एकदा प्रोटीन पावडरीच्या डब्याशेजारी क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या गोळ्यांची बाटली ठेवून म्हणाला, "मावशी, व्यायामानंतर हे घेऊ का गं? ट्रेनर म्हणतो, रिकव्हरी होते." मी त्याला २००९ सालचा जर्मनीतला अभ्यास सांगितला. तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० एकक ई दिलं. व्यायामाने शरीर इन्सुलिनला जास्त दाद द्यायला लागतं. गोळ्या न घेणाऱ्यांत ते दिसलं, घेणाऱ्यांत दिसलं नाही. स्नायू राबतो तेव्हा थोडं पेरॉक्साइड तयार होतं आणि तोच निरोप असतो: पुढच्या वेळेसाठी तयारी वाढवा. निरोप्यालाच वाटेत गाठून गप्प केलं तर तयारी कोण वाढवणार? नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हे इतकं ठळक दिसलं नाही, तेही त्याला सांगितलं. भाच्याने ऐकून घेतलं. बाटली संपेपर्यंत मात्र गोळ्या घेतल्या, कारण पैसे भरले होते.

७. डिटॉक्सचा पहिला टप्पा कधी कधी विष वाढवतो

काकडी-पुदिन्याच्या पाण्याला डिटॉक्स म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही, पाणी पिणं चांगलंच. पण यकृतात जे चालतं ते असं साजूक नसतं. पहिल्या टप्प्यात सायटोक्रोम पी-४५० घराण्यातली एन्झाइमं तेलकट रेणूला ऑक्सिजन जोडून त्याला पकडायला जागा करून देतात. या भानगडीत तो रेणू पुष्कळदा आधीपेक्षा जहाल होतो. दुसऱ्या टप्प्यात त्याला ग्लुटाथायोन, ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडलं की तो निवतो, आणि मग पंप त्याला बाहेर काढतात. पहिला टप्पा धावला आणि दुसरा मागे पडला, की घात.

भुईमुगाच्या शेंगा ओल्या राहिल्या की त्यांवर ॲस्परजिलसची बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन बनतं. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी मेले ते अशाच भुईमुगाच्या पेंडीने. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन काविळीची साथ आली आणि शंभरावर माणसं दगावली. अफ्लाटॉक्सिन स्वतः तितकं आक्रमक नाही. पहिल्या टप्प्यात त्याचं एपॉक्साइड होतं आणि ते थेट डीएनएच्या ग्वानिनला चिकटतं. मधल्या मधे ग्लुटाथायोनने गाठलं तरच सुटका. लहान माउस आणि मोठा रॅट, दोघांना सारखं अफ्लाटॉक्सिन द्या. रॅटला यकृताचा कर्करोग होतो, माउस बहुधा सुटतो, कारण माउसच्या यकृतात या एपॉक्साइडला झटकन ग्लुटाथायोन जोडणारं एन्झाइम मुळातच भरपूर असतं. चीनमधल्या चिदोंग भागात अफ्लाटॉक्सिनचा आणि हवेतल्या प्रदूषणाचा त्रास जुना. तिथे २९१ जणांना बारा आठवडे ब्रोकोलीच्या कोंबांचं पेय दिलं, तर बेन्झीनचा निचरा लघवीतून ६१ टक्क्यांनी वाढला. २०१४ सालचा हा निकाल आहे. निचरा वाढला, एवढंच तो सांगतो. आजार टळला, असं तो म्हणत नाही आणि ज्यांनी काम केलं तेही म्हणत नाहीत.

घरातलं उदाहरण पॅरासिटामॉलचं. बहुतेक औषध सरळ दुसऱ्या टप्प्यात जातं, पण ५ ते १० टक्क्यांचं एनएपीक्यूआय नावाचं जहाल रूप होतं. त्याला ग्लुटाथायोन निववतं. मात्रा बेसुमार झाली की यकृतातलं ग्लुटाथायोन आटतं आणि पेशी मरायला लागतात. दवाखान्यात उतारा देतात तो एन-ॲसिटिल सिस्टीनचा, म्हणजे ग्लुटाथायोन बनवायला कच्चा माल. तो पहिल्या आठ तासांत दिला तर यकृत जवळजवळ नेहमीच वाचतं. तापात दर दोन तासांनी ६५०ची गोळी घेणाऱ्या शेजाऱ्यांना मी हे सांगत असते.

८. काळंनिळं झालेलं कुणी नीट बघत नाही

पोराचा गुडघा टेबलाला आपटतो. आधी जांभळा, चार दिवसांनी कडेने हिरवट, मग पिवळा, मग काही नाही. आई म्हणते "उतरलं." त्या रंगांत सगळी यंत्रणा उघड्यावर चाललेली असते. फुटलेल्या रक्तपेशींतलं हीम मोकळं झालं तर ते घातक, कारण त्यात लोह असतं. १९६८ मध्ये सापडलेलं हीम ऑक्सिजनेज हे एन्झाइम त्याचं हिरवं बिलिव्हर्डिन करतं, दुसरं एन्झाइम त्याचं पिवळं बिलिरुबिन. लोह फेरिटिनमध्ये बंद होतं. हीम ऑक्सिजनेजच्या जनुकावर एरवी बॅक-वन नावाचं प्रथिन ठाण मांडून बसलेलं असतं. ते उठतं ते हीम येऊन त्यालाच चिकटलं की. मग ती जागा नर्फ-टू घेतं. म्हणजे ज्या मालाचा बंदोबस्त करायचा, तोच येऊन अडवणाऱ्याला उठवतो. याहून नेटकी व्यवस्था मला कुठल्या ऑफिसात दिसलेली नाही.

आणि ते पिवळं बिलिरुबिन? १९८७ मध्ये दिसून आलं की तेही चांगलं अँटिऑक्सिडंट आहे.

९. डांबरगोळ्यांबद्दल प्रत्येक घरात माहीत हवं

एवढा वेळ मी जे सांगितलं ते केंद्रक असलेल्या पेशींचं. तांबड्या रक्तपेशीला केंद्रक नसतं. ती जनुक वाचू शकत नाही, नवं एन्झाइम मागवू शकत नाही. अस्थिमज्जेतून निघताना जी शिदोरी बांधून दिली, तिच्यावर तिला १२० दिवस काढायचे असतात. ग्लुटाथायोनला पुन्हा कामावर आणायला एनएडीपीएच लागतं, आणि तांबड्या पेशीत ते मिळवून देणारा मार्ग एकच. त्याच्या तोंडाशी जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम असतं. यकृताच्या पेशीला गरज पडली तर नर्फ-टू आणखी जी-सिक्स-पीडी बनवून घेतं. तांबड्या पेशीला ती सोय नाही.

काही जणांत जन्मतःच हे एन्झाइम कमकुवत असतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, त्यामुळे त्रास जास्त करून मुलग्यांना. आपल्याकडे पारशी समाजात आणि अनेक आदिवासी समाजांत हे प्रमाण जास्त आहे. भारतात आढळणाऱ्या त्याच्या एका प्रकाराचं नावच केरळ-कल्याण. एरवी अशा माणसाला काहीही होत नाही. मग एक दिवस हिवतापावरचं प्रायमाक्विन दिलं जातं, किंवा बाळंतविड्याची जुनी दुपटी ट्रंकेतून काढून तान्ह्याला गुंडाळली जातात. दुपट्यांत वर्षभर डांबरगोळ्या ठेवलेल्या असतात. त्यांतलं नॅप्थलीन श्वासातून आणि कातडीतून आत जातं, तांबड्या पेशी ऑक्सिडाइज होऊन फुटायला लागतात, बाळ पिवळं पडतं, लघवी चहासारखी होते. घरातले म्हणतात, कावीळ झाली, दृष्ट लागली.

ओळखीत कुणाकडे बाळंतपण असलं की मी आवर्जून सांगते: जुने कपडे धुऊन, दोन दिवस कडक उन्हात घालूनच वापरा, आणि बाळाच्या कपड्यांत गोळ्या नकोतच. काही जणी ऐकतात. काही जणींच्या चेहऱ्यावर दिसतं की मॅडमचं डोकं प्रयोगशाळेतच राहिलंय.

१०. कर्करोगाच्या पेशीला ही यंत्रणा आपल्याहून आधी कळली

नर्फ-टू म्हणजे कर्करोगापासून बचाव, असं आम्ही बरीच वर्षं शिकवलं आणि ते निरोगी पेशीपुरतं खरंही आहे. २००६ मध्ये फुप्फुसाच्या गाठींत कीप-वनचं जनुक बिघडलेलं सापडायला लागलं. फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमात साधारण सहांपैकी एका गाठीत ते बिघडलेलं असतं. स्क्वॅमस प्रकारात कीप-वन, नर्फ-टू आणि कल-थ्री मिळून तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. बिघाड गाठीच्या फायद्याचा असतो. नर्फ-टू कायम चालू, ग्लुटाथायोन भरपूर, औषध बाहेर फेकणारे पंप जोरात. केमोथेरपी आणि रेडिएशन जे ऑक्सिडेशन घडवून पेशी मारायला बघतात, ते तिथे बोथट पडतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या उंदरांना ई जीवनसत्त्व आणि एन-ॲसिटिल सिस्टीन दिलं, तर गाठी झपाट्याने वाढल्या आणि उंदीर लवकर मेले. केमो चालू असताना नातेवाइकाने आणून दिलेली अँटिऑक्सिडंटची बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नये, असं मी जे हट्टाने सांगते ते यामुळे.

तरी या प्रथिनावर औषधं निघतात आणि निघावीत. डायमिथिल फ्युमरेट मल्टिपल स्क्लेरोसिससाठी २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याच्या मुळाशी १९५०च्या दशकातला एक जर्मन रसायनतज्ज्ञ आहे, ज्याने आपल्या सोरायसिसवर फ्युमरिक आम्लाचे प्रयोग स्वतःवर केले होते. तेव्हा कीप-वन हे नावही नव्हतं. बार्डॉक्सोलोन मात्र अडखळलं. मधुमेहाने किडन्या निकामी होत आलेल्या दोन हजारांवर रुग्णांत त्याची चाचणी चालू होती. किडनीचे आकडे सुधारत होते, पण औषध घेणाऱ्यांत हृदय थकून शरीरात पाणी साठायला लागलं आणि २०१२ मध्ये चाचणी थांबवावी लागली. त्याच कुळातलं ओमॅव्हेलोक्सोलोन फ्रीड्रिख्स अटॅक्सिया या दुर्मीळ, चालणं हिरावून घेणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. या आजारावरचं ते तिथलं पहिलं औषध. ते सुरू करण्याआधी यकृताची एन्झाइमं, बिलिरुबिन, कोलेस्टेरॉल आणि हृदयावरचा ताण सांगणारं बीएनपी तपासायचं असतं. मग पहिले तीन महिने यकृताच्या तपासण्या दर महिन्याला, आणि पुढेही अधूनमधून. पायावर सूज आली किंवा वजन एकाएकी वाढलं, तर डॉक्टरांना लगेच कळवायचं.